दूरच्या ताऱ्याचे माप

अकोल्याच्या बाजारात कापसाची गाडी घेऊन जाणाऱ्याला मापाचे मोल सांगायला नको. त्याची नजर काट्यावरून हलत नाही. पण जी वस्तू कोणत्याच काट्यावर चढणार नाही, तिचे माप कसे घ्यावे?

न्यूट्रॉन तारा ही अशीच वस्तू. १९३२ साली चॅडविक यांनी न्यूट्रॉन हा सूक्ष्म कण शोधला. दोनच वर्षांनी बाडे आणि झ्विकी यांनी तर्क केला, की मोठा तारा फुटला म्हणजे त्याचा गाभा दबून न्यूट्रॉनांचा गोळा मागे उरत असावा. तेहतीस वर्षे हा तर्क कागदावरच राहिला. १९६७ साली केंब्रिजला जोसलिन बेल या विद्यार्थिनीला आकाशातून ठरावीक ठेक्यात येणाऱ्या रेडिओलहरी सापडल्या, आणि असे तारे खरोखरच आहेत, हे पुढे कळून आले.

त्यांचे माप घेण्याच्या कामी क्ष-किरण आले. हे किरण आपली हवा अडवते. म्हणून उपकरण वर न्यावे लागते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मंडळींनी त्यासाठी हैदराबादेहून मोठाले फुगे सोडले. पुढे २८ सप्टेंबर २०१५ रोजी ‘ॲस्ट्रोसॅट’ हा भारताचा उपग्रह वर गेला. त्यावरील क्ष-किरणांच्या उपकरणांत या संस्थेचा मोठा वाटा होता. पुण्याच्या ‘आयुका’चाही हात होता. १०५४ साली चिनी ज्योतिषांनी वृषभ राशीत एक स्फोट नोंदला होता. त्या ताऱ्याचा उरलेला गाभा आजही सेकंदाला तीस गिरक्या घेतो. त्याच्या क्ष-किरणांचा बारकाईने अभ्यास ॲस्ट्रोसॅटने केला.

आता मापाची युक्ती पाहा. गुरुजी, कंदिलाच्या काचेला काळा कागद गुंडाळा, त्याला एक भोक ठेवा आणि कंदील फिरवा. उजेड वाढेल, मग नाहीसा होईल. न्यूट्रॉन ताऱ्यावरही असे तापलेले डाग असतात. पण त्याची ओढ इतकी जबर, की पाठीमागच्या डागाचे किरणही वाकून थोडेफार पुढे येतात. तारा जितका जड आणि लहान, तितके किरण अधिक वाकतात आणि चढउतार कमी होतो. तो चढउतार मोजला, की वजन आणि आकार दोन्ही गणिताने निघतात.

अमेरिकेच्या ‘नायसर’ उपकरणाने अशाच एका ताऱ्याचे किरण मोजले. २०१९ साली दोन गटांनी त्याच नोंदींवरून वेगवेगळे गणित केले. दोघांनाही त्रिज्या तेरा किलोमीटरच्या आसपास मिळाली. वजन मात्र सूर्याहूनही जास्त! म्हणजे अमरावतीहून अकोल्यास निघालेली एस.टी. मूर्तिजापूरला पोचण्याआधीच हा तारा आरपार ओलांडील. आणि त्यातला ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा भरेल कोटी टनांच्या घरात.

इतके दाबलेले द्रव्य कोणत्याही प्रयोगशाळेत तयार होत नाही. ते आतून कसे आहे, हे जाणण्याची वाट या मापातूनच जाते. म्हणूनच त्या दोन्ही गटांनी उत्तरासोबत हेही लिहिले, की यात किलोमीटरभर कमी-अधिक होऊ शकते. मापात पाप नको, असे आपण म्हणतो. आपली चूक किती असू शकेल, हे आधीच सांगणे, हाही त्याचाच एक भाग आहे. मुलांना कंदील दाखवाल, तेव्हा एवढे मात्र जरूर सांगा.