औंधचा वकील

परवा फोनवर नातवानं विचारलं, "आजोबा, राजदूत नेमकं काय काम करतो?" तीस वर्षं इतिहास शिकवलेला, उत्तर तोंडपाठ होतं. पेशवाईत परक्या दरबारी राहून धन्याची बाजू मांडणारा तो वकील, आजचा तोच राजदूत. फोन ठेवल्यावर मात्र वाटलं, आपण अर्धंच उत्तर दिलं. कारण मला आप्पासाहेब पंत आठवले.

औंधला सहल नेली की मुलांना श्रीभवानी संग्रहालय दाखवायचो, बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या सूर्यनमस्कारांविषयी सांगायचो. त्यांच्या या मुलाचं नाव मी फळ्यावर एकदाही लिहिलं नाही.

औंध हे ७२ गावांचं छोटं संस्थान. १९३९ मध्ये राजेसाहेबांनी आपणहून कारभार प्रजेच्या हाती दिला. त्यामागे गांधीजींचा सल्ला होता, मॉरिस फ्रीडमन यांची मेहनत होती आणि ऑक्सफर्डला शिकून बॅरिस्टर झालेल्या आप्पांचाही हात होता. म्हणजे राजपुत्रानंच सत्तेवर पाणी सोडलं!

१९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि त्याच वर्षी नेहरूंनी आप्पांना पूर्व आफ्रिकेत भारताचे कमिशनर म्हणून नैरोबीला पाठवलं. तिथे वर गोरे मळेवाले, मध्ये आपले व्यापारी आणि तळाला जमिनी गमावलेले आफ्रिकी लोक. आपल्या मंडळींना वाटलं असेल, आला आपला माणूस, आता आपली बाजू मांडेल. पण नेहरूंचं धोरण वेगळं होतं. आफ्रिका आफ्रिकी लोकांची, त्यांच्या हक्कांच्या आड येणारी सवलत भारतीयांनी मागू नये. हे आपल्याच माणसांच्या गळी उतरवायचं अवघड काम आप्पांकडे आलं.

त्यांनी जोमो केन्याटांसारख्या नेत्यांशी स्नेह जोडला. आफ्रिकी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळून ते भारतात शिकायला येऊ लागले. ऑक्टोबर १९५२ मध्ये केनियात आणीबाणी आली, केन्याटा तुरुंगात गेले. ब्रिटिशांच्या डोळ्यांत हा कमिशनर सलू लागला, दिल्लीवर दडपण आलं आणि १९५४ मध्ये आप्पांना नैरोबी सोडावी लागली. गंमत म्हणजे त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली.

पुढे गंगटोक, जकार्ता, ओस्लो, कैरो, लंडन, रोम अशी त्यांची मोठी कारकीर्द झाली. पण माझं मन नैरोबीतच अडकतं. १९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला आणि केन्याटाच त्याचे नेते झाले. १९७२ मध्ये शेजारच्या युगांडातून इदी अमीननं आशियाई लोकांना ९० दिवसांत घालवून दिलं. त्या क्रौर्याचं समर्थन होऊच शकत नाही. तरीही वाटतं, शेजाऱ्यांशी आधीच नातं जोडा म्हणणारा माणूस किती लांबचं पाहत होता!

धन्याची बाजू मांडायची हे वकिलाचं काम खरंच. पण "हे घर दुसऱ्यांचं आहे" असं आपल्याच माणसांना सांगायचं, हेही त्याचंच काम. ते सांगायला मुळात सत्तेचा मोह सुटलेला असावा लागतो. आप्पांचा तो औंधातच सुटला होता.

माझा मुलगा दर रविवारी फोनवर तिकडच्या लोकांच्या तक्रारी सांगतो आणि मी नुसता हुंकार देतो. येत्या रविवारी विचारणार आहे, "अरे, तुझ्या शेजाऱ्याचं नाव काय?"