वेधाधारित विज्ञानशिक्षण (मुंबई)

वेधाधारित विज्ञानशिक्षण : अवकाश व पृथ्वी यांविषयीच्या प्रत्यक्ष संशोधनातील वेध, म्हणजे उपकरणांच्या साहाय्याने ठरावीक वेळी घेतलेल्या नोंदी, विद्यार्थ्यांना स्वतः घ्यायला किंवा तपासायला लावून त्यांतून विज्ञान शिकवण्याची पद्धती. नेहमीच्या शालेय प्रयोगाचे उत्तर पुस्तकात छापलेले असते. येथे ते शिक्षकालाही ठाऊक नसते आणि विद्यार्थ्याने घेतलेला अंक चुकला, तर मूळ नोंदच बिघडते. मुंबईत या पद्धतीचा आरंभ कुलाब्याच्या वेधशाळेत झाला असे म्हणता येते, जरी त्या काळी कोणी तिला शिक्षणपद्धती मानले नव्हते.

ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये स्थापन केलेल्या या वेधशाळेत भूचुंबकत्वाचे वेध 1841 पासून सुरू झाले. प्रमुख आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार हे एल्फिन्स्टन संस्थेत प्राध्यापक होते. त्याच संस्थेत शिकवणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांकडेही काही काळ वेधशाळेचा कार्यभार होता. ऑर्लेबार यांचे विद्यार्थी केरो लक्ष्मण छत्रे (1825–84) ऐन विद्यार्थिदशेतच दरमहा 50 रुपयांवर तेथे साहाय्यक म्हणून रुजू झाले आणि 1851 पर्यंत तेथे राहिले. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक मोजण्यासाठी त्या काळी दोन धाग्यांनी टांगलेला चुंबक वापरीत; त्याला जोडलेल्या आरशात मोजपट्टीचे प्रतिबिंब पडे आणि निरीक्षक ते दूर ठेवलेल्या दुर्बिणीतून वाचत असे. चुंबक तापला की त्याची शक्ती घटते, म्हणून तापमापकाचा अंकही नोंदवावा लागे. अंक वाचणे कोणालाही जमेल; त्यातला किती भाग खोलीच्या उष्म्याचा आणि किती पृथ्वीचा, हे वेगळे काढण्यातच खरे शिक्षण होते. छत्रे पुढे पुण्यात गणिताचे नामांकित अध्यापक झाले. डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी होते, आणि ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ (1860) हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. सौर डाग व हवामान यांच्या संबंधाविषयीचे त्यांचे कुतूहलही वेधशाळेच्या वळणाचेच म्हणावे लागेल.

अशा चिकाटीच्या नोंदींचे मोल कित्येकदा फार उशिरा कळते. सूर्यावरून सुटलेला विद्युतभारित कणांचा व चुंबकीय क्षेत्राचा लोंढा पृथ्वीवर आदळून तिचे चुंबकीय क्षेत्र ढवळले जाते, त्यास भूचुंबकीय वादळ म्हणतात. सप्टेंबर 1859 च्या आरंभी असे प्रचंड वादळ झाले, तेव्हा कुलाब्याच्या निरीक्षकांनी क्षितिजसमांतर घटकात सुमारे 1600 नॅनोटेस्लांची (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) घसरण नोंदवली. या नोंदींचे विश्लेषण 2003 मध्ये त्सुरुतानी, गोन्झालेझ, लखिना व ॲलेक्स या संशोधकांनी प्रसिद्ध केले आणि अवकाश हवामानाच्या, म्हणजे सूर्यामुळे पृथ्वीभोवती होणाऱ्या अशा उलथापालथींच्या, अभ्यासकांना एका अतितीव्र वादळाचा भरवशाचा आकडा मिळाला. जुन्या नोंदवहीतील अंकांचा आलेख काढणे महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या आवाक्यातले असल्याने वर्गासाठी याहून चांगले उदाहरण सहसा सापडत नाही.

विजेच्या ट्रामगाड्यांमुळे जमिनीत शिरणारा विद्युतप्रवाह चुंबकांना बाधक ठरणार, हे ओळखून वेधशाळेचे तत्कालीन प्रमुख नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत चुंबकीय वेध 1904 मध्ये अलिबागला नेण्यात आले. दोन्ही ठिकाणचे वेध काही काळ एकाच वेळी घेऊन मालिका अखंड राखली गेली. शहरातील विद्यार्थ्यांच्या हाताशी असलेले साधन मात्र दूर गेले.

पुढील काळात शहरात विज्ञान पाहण्याची सोय वाढली. वरळी येथे नेहरू तारांगण 1977 मध्ये, तर नेहरू विज्ञान केंद्र 1985 मध्ये सुरू झाले. त्यांनी कुतूहल जागवले. परंतु प्रेक्षकाच्या हाती नोंदवही येत नाही, ही अशा दालनांची स्वाभाविक मर्यादा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1974 मध्ये नाना चौकातील महापालिका शाळेत आरंभलेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, जे नंतर मानखुर्दला गेले, ते या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. खगोलशास्त्र ऑलिंपियाडच्या भारतीय विद्यार्थ्यांची तयारी हे केंद्र करून घेते. 2025 मध्ये मुंबईत भरलेल्या या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत सैद्धांतिक प्रश्नांबरोबर वेधविदेचे विश्लेषण, म्हणजे मोजमापांच्या तक्त्यांवरून निष्कर्ष काढणे, हाही परीक्षेचा भाग होता. नारायणगावजवळील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या (प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 ॲंटेना) प्रतिमा तपासायला पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकवणारा ‘रॅड ॲट होम’ हा उपक्रम 2013 पासून चालू आहे.

आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘प्रथम’ हा लघुउपग्रह 26 सप्टेंबर 2016 रोजी सोडण्यात आला. वातावरणाच्या आयनांबर या विद्युतभारित थरातील इलेक्ट्रॉनांची मोजणी हे त्याचे उद्दिष्ट होते आणि संदेशग्रहणासाठी इतर महाविद्यालयांनीही भूकेंद्रे उभारावीत अशी योजना होती. कुलाब्याच्या चुंबकाची सुई रोज किंचित सरके, ती मुख्यतः याच थरातील विद्युतप्रवाहांमुळे. तेव्हा विषय जुनाच होता, साधन तेवढे बदलले.

उपकरण महाग असलेच पाहिजे असे नाही. मध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच पडते, तो शून्यसावलीचा दिवस मुंबईत मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस येतो. जुलैत सूर्य बहुधा ढगांआड असल्याने मेचा दिवस साधावा लागतो, आणि नेमकी तेव्हा शाळांना सुट्टी असते. पावसाचे मोजमाप त्यामानाने अधिक सोयीचे आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्यास मात्र सुमारे 73. या दोन वेधशाळांच्या मधल्या परळ, लालबाग, दादर भागात काय झाले असेल, हे दोन अंकांची सरासरी काढून सांगता येत नाही. चाळीच्या गच्चीवर कठड्यापासून दूर, उघड्यावर ठेवलेले सरळ कडांचे भांडे रोज ठरल्या वेळी मोजले, तर एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी हा हिशेब सातवीतला विद्यार्थीही करू शकतो, आणि महापालिकेने 2005 नंतर शहरभर बसवलेल्या स्वयंचलित पर्जन्यमापकांच्या अंकांशी आपला अंक ताडून पाहू शकतो.