सोमवारची छाती आणि पासष्ट अंशांची तार

दम्यावर उपचार म्हणून श्वासनलिका आतून तार घालून शेकतात, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं कोणीतरी चेष्टा करतंय. सर्दी झाली की आई छाती शेकायची ती बाहेरून. इथे थेट आतून! पण हे खरं आहे. या उपचाराला ब्रॉन्कियल थर्मोप्लास्टी म्हणतात आणि अमेरिकेच्या एफडीएने त्याच्या यंत्राला एप्रिल २०१० मध्ये मान्यता दिली.

आता हा 'इतिहासाचा' ब्लॉग आहे, मग हे यंत्र इथे कशाला? तर हे यंत्र ज्या गोष्टीवर काम करतं, त्याच गोष्टीने लालबाग-परळमध्ये कित्येक पिढ्यांना छळलंय. ही दोन टोकं जोडता येतात का, हे बघायचा प्रयत्न करतोय.

आधी तो स्नायू

आपल्या श्वासनलिकेला फांद्या फुटत जातात आणि त्या बारीक होत जातात. या नळ्यांच्या भिंतीत स्नायूंचे पट्टे असतात. हात-पायाच्या स्नायूंसारखे ते आपल्या हुकमात नसतात, शाळेत शिकलो तो 'अनैच्छिक स्नायू'. रायसाइसन नावाच्या जर्मन वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचं नीट वर्णन केलं. १८६० साली लंडनच्या हेन्री हाइड सॉल्टरने दम्यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्यात ठामपणे मांडलं की दम्याचा झटका म्हणजे या स्नायूंचं आवळणं. (त्याला स्वतःला दमा होता, आणि उपाय म्हणून तो कडक कॉफी सुचवायचा. आयटीवाल्यांना हा डॉक्टर आवडेल!)

नळी आवळली की हवा आत जायला आणि त्याहून जास्त बाहेर यायला त्रास होतो. गंमत म्हणजे निरोगी माणसात हा स्नायू नेमकं काय काम करतो, यावर तज्ज्ञांचं आजही एकमत नाही. म्हणजे आपल्या भाषेत, जुन्या सिस्टममधला असा एक कोड, जो कशासाठी लिहिलाय हे कोणाला नक्की माहीत नाही, पण बिघडला की सगळं बंद पाडतो.

गिरणगावातला सोमवार

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिली सूतगिरणी काढायला घेतली. पुढच्या शंभर वर्षांत परळ, लालबाग, वरळी, भायखळा हा सगळा पट्टा गिरणगाव झाला. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची माणसं इथे आली आणि चाळीत, खानावळीत, तीन पाळ्यांत राहिली. यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, मी काही नवीन सांगत नाही.

मला सांगायचंय ते गिरणीतल्या पहिल्या दोन खात्यांबद्दल. कापसाच्या दाबलेल्या गाठी फोडून तो मोकळा करतात ती ब्लोरूम, आणि तो पिंजून त्याचे पेळू करतात ते कार्डिंग. कापसाबरोबर शेतातली माती, पानांचा चुरा, बोंडांचे तुकडे आणि त्यावर वाढलेले जीवाणू असं सगळं येतं. यंत्रं कापूस झोडपतात आणि हा कचरा हवेत उडतो. या जीवाणूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन हे त्रासामागचं एक मुख्य कारण मानलं जातं. ते फुफ्फुसात गेलं की नळ्यांना सूज येते आणि तो मघाचा स्नायू आवळतो.

या रोगाचं नाव बिसिनोसिस. त्याची ओळख फार चमत्कारिक आहे. साप्ताहिक सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती जड होते, दम लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरं वाटायला लागतं. माणूस म्हणतो, "काय नाय, सुट्टीत आळसावलो होतो." पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. इंग्लंडमध्ये रिचर्ड शिलिंग यांनी १९५० च्या दशकात लँकेशायरच्या गिरण्यांत हे तपासून त्याच्या पायऱ्या ठरवल्या: आधी एखाद्या सोमवारी, मग दर सोमवारी, मग इतर दिवशीही, आणि शेवटी फुफ्फुसाची कायमची हानी. थोडक्यात, पहिल्या पायऱ्यांवर धुळीतून बाहेर काढलं तर माणूस वाचतो. शेवटच्या पायरीवर नोकरी सोडूनही उपयोग होत नाही.

लालबागच्या चाळींत गिरणीतून निवृत्त झालेली माणसं मी लहानपणापासून बघत आलोय. दोन जिने चढले की मधल्या गॅलरीत कठड्याला धरून उभे राहणारे आजोबा प्रत्येक चाळीत असायचे. कोणाला विचारलं तर उत्तर ठरलेलं, "बिडीने छाती गेली त्यांची." बिडी ओढायचे हे खरंच. पण सगळा दोष बिडीचा होता का?

केईएममधली फुंकणी

हा प्रश्न केईएमच्या डॉक्टरांनाही पडला होता. परळचं केईएम रुग्णालय १९२६ पासून गिरण्यांच्या भोंग्यांच्या टप्प्यात उभं आहे. तिथे डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात मुंबईच्या हवेचा आणि फुफ्फुसांचा अभ्यास हाती घेतला. एका अभ्यासात लालबाग, चेंबूर, खार अशा वेगवेगळ्या वस्त्यांतल्या लोकांची तपासणी होती. दुसऱ्यात सूतगिरणी कामगारांचा सलग पाच वर्षं पाठपुरावा होता, आणि त्याचा विषय नेमका हाच होता: बिसिनोसिस आणि नेहमीचा जुनाट श्वसनरोग, म्हणजे आपल्या बोलीत 'बिडीची छाती', हे वेगळे कसे ओळखायचे? हा निबंध १९८१ मध्ये श्वसनरोगांवरच्या एका नामांकित अमेरिकन नियतकालिकात छापून आला.

यासाठी लागणारं मुख्य यंत्र म्हणजे स्पायरोमीटर, फुंकायची टेस्ट. पहिल्या सेकंदात माणूस किती हवा बाहेर फेकतो ते मोजायचं. पाळी सुरू होताना एकदा आणि संपताना एकदा. सुट्टीनंतरच्या दिवशी दुसरा आकडा पहिल्याहून स्पष्ट कमी आला तर संशय धुळीवर. बिडी तर माणूस सुट्टीच्या दिवशीही ओढतो, तिला सोमवार कळत नाही. मला हा युक्तिवाद जाम आवडतो. डिबगिंग याहून वेगळं काय असतं?

आता योगायोग बघा. त्याच १९८१ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या सरकारचा कापूसधुळीचा नियम उचलून धरला. सूत काढण्याच्या खात्यात घनमीटर हवेत २०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त धूळ नको, असा तो १९७८ चा नियम. गिरणीमालकांचं म्हणणं होतं की खर्च परवडत नाही. कोर्टाने सांगितलं की कायदा कामगाराच्या आरोग्याला आधी ठेवतो. मग तिथल्या गिरण्यांनी धूळ ओढून घेणारे पंखे, गाळण्या, झाकलेली यंत्रं बसवली आणि रोग झपाट्याने कमी झाला.

आणि मुंबईत? १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. पगार, बोनस, बदली कामगारांचे हक्क यावर लढाई झाली, आणि पोटाच्या प्रश्नापुढे फुफ्फुसाचा प्रश्न मागे पडला. त्यात मी कोणाला दोष देत नाही. चूल विझली असताना छातीचं कोण बघणार?

तरी विषय संपला नव्हता. १९९५ मध्ये डॉ. व्ही. मुरलीधर, डॉ. व्ही. जे. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईच्या एका गिरणीतल्या बिसिनोसिसवरचा अभ्यास 'नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया'मध्ये प्रसिद्ध केला. ईएसआय कायद्याच्या परिशिष्टात या रोगाचं नाव होतं, म्हणजे निदान झालं तर भरपाईचा हक्क होता. पण 'निदान झालं तर'! कागदावर 'दमा' किंवा 'ब्रॉन्कायटिस' लिहिलं की तो आजार त्या माणसाचा खाजगी. 'बिसिनोसिस' लिहिलं की तो गिरणीचा. एका शब्दाचा फरक, आणि त्यावर पेन्शन अवलंबून.

आता ती तार

१८९७ मध्ये जर्मनीत गुस्ताव्ह किलियनने एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत अडकलेलं हाड नळी घालून काढलं. १९६० च्या दशकात जपानच्या शिगेतो इकेदांनी लवचीक दुर्बीण बनवली आणि डॉक्टर नळ्यांच्या फांद्यांपर्यंत पोचले. मग कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने विचार केला: स्नायू आवळतो ना, मग स्नायूच कमी करू. दुर्बिणीतून एक तार जाते, तिच्या टोकाला चार पाकळ्यांची टोपली उघडते आणि भिंतीला टेकते. रेडिओ लहरींच्या कंपनाची वीज सोडली जाते. भिंत ६५ अंश सेल्सियसला सुमारे १० सेकंद ठेवायची. यंत्र तापमान सतत मोजून वीज कमी-जास्त करतं, साधा फीडबॅक लूप. मग पाच मिलिमीटर मागे सरकायचं आणि पुन्हा. तीन आठवड्यांच्या अंतराने तीन बैठका.

आधी कुत्र्यांवर प्रयोग झाले (२००४), मग माणसांवर. सर्वांत महत्त्वाची चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. २८८ रुग्ण. त्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांना दुर्बीण घातली, यंत्राने आवाज केले, पण ऊर्जा सोडलीच नाही. निकाल? खऱ्या उपचारात ७९ टक्के लोकांचं जगणं सुधारलं. खोट्या उपचारात ६४ टक्के!

हा आकडा वाचून मी थांबलो. दम्याच्या शस्त्रक्रियांचा इतिहास बघितला तर ही खोटी चाचणी का लागते ते कळतं. विसाव्या शतकात जपानमध्ये दम्यासाठी हजारो लोकांच्या मानेतली कॅरोटिड ग्रंथी कापून काढली गेली. उत्साहाने, चांगल्या हेतूने. नंतर तुलना करून पाहिल्यावर फायदा सिद्ध झाला नाही. थर्मोप्लास्टीचं तसं नाही, उपचारानंतरच्या काळात दम्याचे गंभीर झटके आणि इमर्जन्सीच्या फेऱ्या खरोखर कमी झाल्या. पण उपचाराच्या आठवड्यांत त्रास वाढून भरती होणारेही खोट्या गटापेक्षा जास्त होते. पुढे जैविक औषधं आली आणि या तारेची जागा आक्रसत गेली.

वीज कुठे वापरायची?

एक गोष्ट स्पष्ट करतो. थर्मोप्लास्टी तीव्र दम्यासाठी आहे, बिसिनोसिससाठी नाही. शेवटच्या पायरीवरच्या कामगाराला ती उपयोगाची नसती.

पण दोन्हीकडे स्नायू तोच आणि दोन्हीकडे उपाय विजेवरच चालतो. एकीकडे तारेच्या टोकाला काही वॅट, एका माणसासाठी, आजार पक्का झाल्यावर. दुसरीकडे ब्लोरूमच्या छताला धूळ ओढणारा पंखा, सगळ्या खात्यासाठी, आजार होण्याआधी. पहिल्या यंत्राच्या कंपनीला २०१० मध्ये १९ कोटी डॉलरहून जास्त किंमत मिळाली. दुसऱ्या यंत्रात काहीच नवीन नव्हतं, फक्त ते बसवायचं होतं. आमच्या धंद्यातही हेच चालतं. चूक मुळात होऊ नये म्हणून वेळ मागितला तर मिळत नाही, झाल्यावर दुरुस्त करणाऱ्याचा सत्कार होतो.

मुंबईच्या बहुतेक गिरण्या आता नाहीत. पण कापूस कुठेतरी पिंजला जातोच आहे, भिवंडीच्या आसपास, इचलकरंजीत, सोलापुरात, तमिळनाडूत. तिथल्या एखाद्या डॉक्टरांच्या वाचनात हे आलं तर एवढीच विनंती: धाप लागलेला माणूस समोर बसला की बिडीबद्दल विचारालच. त्याबरोबर तो कुठल्या खात्यात काम करतो, आणि सुट्टीनंतरचा पहिला दिवस कसा जातो, हेही विचारा. त्याला फुकट मिळणारी तपासणी तेवढीच आहे.