सामाजिक दायित्व, कंपन्यांचे (रत्नागिरी जिल्हा)

कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांवर आलेले लोकोपयोगी खर्चाचे बंधन. व्यवहारात ‘सीएसआर’. 1 एप्रिल 2014 पासून लागू. लगतच्या वर्षी 5 कोटी रुपये निव्वळ नफा, 1000 कोटी उलाढाल किंवा 500 कोटी नक्त मूल्य, यांपैकी एक अट पुरी झाली, की आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम अनुसूची 7 मधील कामांवर खर्चावी लागते.

रत्नागिरीत अशी कामे कायद्याआधीपासून दिसतात. गोळप-रनपारला पीव्हीसीचा कारखाना असलेल्या फिनोलेक्सच्या नावाने शहरात 1996 मध्येच अभियांत्रिकी महाविद्यालय उघडले. याच समूहाशी संबंधित मुकुल माधव विद्यालय गोळपला 2010 मध्ये आले. लोट्यातील घरडा केमिकल्सचे नाव लवेलच्या अभियांत्रिकी संस्थेला 2007 पासून आहे. त्यामुळे आजच्या वार्षिक अहवालातला सगळा खर्च सक्तीच्या खाती मांडणे चूक ठरेल. कायदा रक्कम मोजतो. राजीखुशी मोजण्याची सोय त्यात नाही.

सुरुवातीला खर्च न केल्यास संचालकांच्या अहवालात कारण लिहिले, की भागत असे. 2019 च्या दुरुस्तीत तुरुंगवासाची तरतूद आली, उद्योजकांनी ओरड केली आणि ती अमलात येण्याआधीच मागे घेतली गेली. 22 जानेवारी 2021 पासून नियम असा: चालू प्रकल्पाची शिल्लक वेगळ्या खात्यात ठेवून तीन वर्षांत खर्चायची, बाकीची सहा महिन्यांत अनुसूचीतील निधीत भरायची. चुकल्यास कंपनीला दुप्पट रक्कम किंवा 1 कोटी, यांपैकी कमी तो दंड. पळवाट अशी फारशी उरली नाही.

मात्र अन्य कायद्याने बंधनकारक असलेले काम सीएसआरमध्ये धरता येत नाही. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतील सांडपाण्याची प्रक्रिया हे त्याचे ठळक उदाहरण. दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांची प्रदूषणाची तक्रार जुनी आहे. तिचे उत्तर शाळेला बाके देऊन होत नाही, हे गावकरी कंपन्यांपेक्षा नेमके ओळखतात.

कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कलम सांगते. 2021 च्या सरकारी खुलाशानुसार ते मार्गदर्शक आहे, सक्तीचे नाही. तरी जयगडला जेएसडब्ल्यूचे 1200 मेगावॉटचे वीजकेंद्र आणि बंदर आहे, म्हणून आसपासच्या गावांना मागायला दार आहे. मोठा कारखाना नसलेल्या मंडणगड तालुक्याला ते नाही.