भावाची सोबत, बहिणीची वही : युरोपातील शहरदर्शनाच्या इतिहासातील एक प्रकरण

सतराव्या आणि अठराव्या शतकांत इंग्लंडमधील सधन घराण्यांत ‘ग्रँड टूर’ नावाची जी प्रथा रूढ झाली, तिच्यात बहिणीला सहसा जागा नव्हती. घराण्याचा वारस विशीच्या सुमारास एका शिक्षकाच्या देखरेखीखाली पॅरिस, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स अशा शहरांतून वर्ष-दोन वर्षे हिंडे, तेथील चित्रे व शिल्पे पाही आणि ऐपत असेल तर विकतही घेई. प्राचीन अवशेष व चर्चे दाखवण्यासाठी त्याला ‘चिचेरोने’ म्हणून ओळखले जाणारे स्थानिक वाटाडे मिळत. बहिणीने हे सारे भावाच्या पत्रांतून वाचायचे असे. मेरी आणि अ‍ॅग्नेस बेरी या दोघी बहिणी १७८३ मध्ये वडिलांबरोबर युरोपच्या दौऱ्यावर निघाल्या, हे खरे. परंतु अशी उदाहरणे अपवादात्मक होती आणि त्यांतही वडील बरोबर होते. अविवाहित स्त्रीने परक्या शहरात पाऊल टाकायचे तर सोबत पुरुष हवा, हा दंडक एकोणिसाव्या शतकातही बराच काळ टिकला. वडील वृद्ध होत, नवरा अजून मिळालेला नसे. उरे तो भाऊ. त्याची सोबत कोणाच्या डोळ्यांवर येत नसे आणि शिवाय ती फुकट असे. युरोपातील शहरदर्शनाच्या इतिहासात भावंडांच्या जोडीला जे महत्त्व आले, त्यात मायेइतकाच या सोयीचाही वाटा होता.

या दंडकाची धार मोट्झार्ट कुटुंबाच्या प्रवासांत स्पष्ट दिसते. ९ जून १७६३ रोजी लिओपोल्ड मोट्झार्ट पत्नी आणि दोन मुलांसह साल्झबुर्गहून निघाले, तेव्हा मारिया आना, म्हणजे घरची ‘नानर्ल’, बारावे वर्ष पुरे करीत होती आणि वोल्फगांग सात वर्षांचा होता. म्युनिक, फ्रँकफुर्ट, ब्रसेल्स, पॅरिस, लंडन, द हेग अशी शहरे करीत हे कुटुंब १७६६ च्या नोव्हेंबरअखेरीस घरी परतले. दोन्ही मुले दरबारांत वाजवीत, दोघांचेही कौतुक होई आणि मधल्या वेळात शहर पाहणे चाले. नानर्लच्या टिपणवहीत समुद्राच्या भरती-ओहोटीचे तिला वाटलेले नवल आहे आणि लंडनमधील प्रेक्षणीय स्थळांची बालसुलभ यादीही आहे. त्या काळी उघडून काहीच वर्षे झालेल्या ब्रिटिश म्युझियमलाही या कुटुंबाने भेट दिली होती. १७६९ च्या डिसेंबरात लिओपोल्ड इटलीला निघाले, तेव्हा मात्र त्यांनी फक्त मुलाला बरोबर नेले. नानर्ल अठरा वर्षांची झाली होती. बालकलावंत म्हणून तिला मिरवता येण्याजोगे वय उलटले होते आणि मुलीवर आणखी खर्च करण्याचे प्रयोजन घरातल्या कोणाला वाटले नाही. पुढची शहरे तिने भावाच्या पत्रांतून पाहिली. १७७० च्या एप्रिलमध्ये वोल्फगांगने रोमहून कळवले की सेंट पीटरच्या पुतळ्याच्या पायाचे चुंबन घेण्याचा मान त्याला मिळाला, पण उंची कमी पडल्यामुळे त्याला वर उचलावे लागले. पत्रातली थट्टा बहिणीसाठीच केलेली आहे आणि जिच्याबरोबर पूर्वी लंडन-पॅरिस पाहिले, ती जवळ नसल्याची खूणही तिच्यात वाचता येते.

डोरोथी वर्ड्‌सवर्थ हिच्या वाट्याला अशी प्रतीक्षा आणखी दीर्घ काळ आली. तिचा भाऊ विल्यम १७९० मध्ये एका मित्राबरोबर फ्रान्स आणि आल्प्स पायी तुडवून आला. तीच वाट डोरोथीने त्याच्याबरोबर पाहिली ती १८२० मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. त्या दौऱ्यात ब्रुज, गेंट, ब्रसेल्स, कोलोन, मिलान, पॅरिस ही शहरे होती आणि पाचच वर्षांपूर्वीचे वॉटर्लूचे रणांगणही होते, कारण तोवर ते ब्रिटिश प्रवाशांचे तीर्थक्षेत्र बनले होते. परतल्यावर विल्यमच्या कवितांचे पुस्तक १८२२ मध्ये छापले गेले. डोरोथीची सविस्तर रोजनिशी तिच्या हयातीत हस्तलिखितच राहिली. भावाने छापायचे आणि बहिणीने घरच्यांसाठी लिहायचे, ही विभागणी पुढेही बराच काळ चालू राहिली. आजच्या इतिहासकाराला मात्र शहराचा वास, खाणावळीचा दर्जा आणि रस्त्यावरचा चिखल या वह्यांतच सापडतो.

शार्लट आणि एमिली ब्राँटे या बहिणींच्या ब्रसेल्समधील मुक्कामाचा विचार थोडा निराळा करावा लागतो, कारण तो पर्यटनासाठी नव्हे, तर फ्रेंच शिकण्यासाठी होता. १८४२ च्या फेब्रुवारीत त्या निघाल्या, तेव्हा वडील पॅट्रिक ब्राँटे स्वतः ब्रसेल्सपर्यंत पोहोचवायला आले आणि मैत्रीण मेरी टेलर व तिचा भाऊ जो यांचीही सोबत होती. वाटेत लंडनमध्ये पॅटरनॉस्टर रो या पुस्तकविक्रेत्यांच्या गल्लीतील चॅप्टर कॉफी हाउसमध्ये सर्वांनी मुक्काम केला आणि शार्लटने जेवढे पाहता येईल तेवढे लंडन पाहून घेण्याचा सपाटा लावला. ब्रसेल्समध्ये रू दिझाबेल या रस्त्यावरील एझे दांपत्याच्या शाळेत दोघी बहिणी राहिल्या. इतर मुलींपासून त्या अलिप्त असत, एकमेकींना मात्र पुरेशा होत्या. नोव्हेंबरात मावशीच्या निधनामुळे त्या घरी परतल्या. एमिली पुन्हा गेली नाही. शार्लट १८४३ च्या जानेवारीत एकटीच निघाली. गाडी उशिरा पोहोचल्यामुळे ती रात्रीच्या अंधारात लंडन ब्रिजच्या धक्क्यावर गेली आणि ऑस्टेंडला जाणाऱ्या बोटीवर तिला सुरुवातीला घेईनात.

त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या सुटीत शाळा ओस पडल्यावर शार्लट तासन्‌तास शहरातून हिंडत राहिली. १ सप्टेंबर १८४३ रोजी ती सेंट गुदुलाच्या प्रार्थनामंदिरात शिरली आणि कट्टर प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाची मुलगी असूनही तेथील कॅथलिक पाद्र्यासमोर कबुलीजबाबासाठी, म्हणजे पापाच्या कथनाच्या त्या पंथातील विधीसाठी, गुडघे टेकून बसली. हे तिने कळवले ते एमिलीलाच, आणि वडिलांना सांगू नकोस असे बजावून. बहीण बरोबर असती तर शार्लट त्या मंदिरात इमारत पाहण्यासाठी शिरली असती आणि बाहेर आल्यावर दोघींनी तिच्याविषयी चार तिरकस शब्द उच्चारले असते, असे मानायला हरकत नाही. एकाच शहराची ही दोन रूपे अवघ्या दीड वर्षाच्या अंतरातली आहेत.

तोवर प्रवासाची साधने बदलत होती. लंडनचे प्रकाशक जॉन मरे यांची युरोपखंडाची मार्गदर्शिका १८३६ मध्ये निघाली आणि जर्मनीत कोब्लेंझच्या कार्ल बेडेकर यांनी तशाच पुस्तकांची मालिका उभारली. विशेष पाहण्याजोग्या वास्तूपुढे तारा छापण्याची बेडेकरची पद्धत १८४० च्या दशकात सुरू झाली. १८६१ पासून त्यांची पुस्तके इंग्रजीतही मिळू लागली. लाल बांधणीच्या या पुस्तकांत नकाशा, वस्तुसंग्रहालयाच्या वेळा, खोलीचे भाडे, बग्गीवाल्याचा दर, नोकरांना किती बक्षीस द्यावे हेही असे. त्यामुळे चिचेरोनेची गरज कमी झाली आणि शहर पाहण्याचे अधिकारपद पुस्तकाकडे गेले. शहराची माहिती ही आता भावाची मक्तेदारी राहिली नाही, कारण तेच पुस्तक बहिणीलाही वाचता येत होते.

या बदलाचे सर्वांत जिवंत चित्र १८६३ च्या एका सहलीत सापडते. लेस्टरशायरमधील सुतार आणि मद्यपानविरोधी प्रचारक थॉमस कुक यांनी ५ जुलै १८४१ रोजी लेस्टर ते लफबरो अशी रेल्वेसहल एका शिलिंगात घडवून या व्यवसायाचा पाया घातला होता. १८५५ च्या प्रदर्शनाच्या निमित्ताने त्यांनी पॅरिसपर्यंत मजल मारली आणि १८६३ च्या जूनअखेरीस स्वित्झर्लंडची पहिली मार्गदर्शित सहल काढली. लंडन ब्रिज स्थानकावरून सुटलेल्या या मंडळीत यॉर्कशायरमधील सेल्बी गावची, तिशी ओलांडलेली, जेमायमा मोरेल आणि तिचा भाऊ विल्यम होते. त्यांनी आणि सोबतच्या काही तरुण-तरुणींनी मिळून आपल्या टोळीला ‘ज्युनियर युनायटेड अल्पाइन क्लब’ असे भारदस्त नाव दिले. पुरुषांच्या अल्पाइन क्लबची ती उघड टिंगल होती, कारण १८५७ मध्ये स्थापन झालेली ती संस्था स्त्रियांना सदस्य करून घेत नसे. विल्यम टोळीचा खजिनदार झाला आणि जेमायमाने रोजनिशी लिहिली. न्यूहेवनहून दिएप्पला बोटीने, तेथून पॅरिस, मग जिनिव्हा, शामोनी, गेमी खिंड, इंटरलाकेन, ल्युसर्न, सूर्योदयासाठी रिगी पर्वत आणि परतताना पुन्हा पॅरिस असा सुमारे तीन आठवड्यांचा हा क्रम होता. काही दिवस पहाटे चारलाच उठावे लागे. माणशी खर्च १९ पौंड १७ शिलिंग ६ पेन्स आला. विशेष म्हणजे कुक स्वतः सारा प्रवास बरोबर नव्हते. ते वाटेतून परतले आणि पुढचे पैसे, गाड्या व खानावळी यांची व्यवस्था टोळीनेच सांभाळली. भावाचे काम रखवालदाराचे न राहता हिशेबनिसाचे झाले, ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट या इतिहासात मोठी ठरते.

पॅरिसमध्ये अशा पाहुण्यांना काय दाखवले जाई, याचा उल्लेख करायला हवा, कारण आजच्या यादीशी ती यादी जुळत नाही. लूव्र आणि नोत्र दाम होतीच. पण नोत्र दामच्या मागे १८६४ मध्ये उघडलेले नवे शवागारही होते. सीन नदीत सापडलेले आणि इतर बेवारस मृतदेह ओळख पटावी म्हणून तेथे काचेआड मांडून ठेवीत आणि प्रवेशाला पैसे पडत नसत. अनेक मार्गदर्शिकांत त्याचा पत्ता असे. १९०७ मध्ये सामान्य जनतेसाठी ते बंद करण्यात आले. १८६७ च्या जागतिक प्रदर्शनाच्या सुमारास पॅरिसचा प्रशासक ओस्मान याच्या नगररचनेत बांधलेली भुयारी गटारे पाहण्याच्या सहलीही सुरू झाल्या आणि नटूनथटून आलेल्या स्त्रिया पाण्यावरच्या नावांत व रुळांवरच्या गाड्यांत बसून त्या पाहू लागल्या. सोवळ्या म्हणवणाऱ्या एकोणिसाव्या शतकाच्या कुतूहलाला किळस आडवी येत नव्हती, एवढे यावरून दिसते.

कुकच्या सहलींवर टीकाही झाली. इटलीत राहणाऱ्या चार्ल्स लीव्हर या आयरिश कादंबरीकाराने १८६५ मध्ये ब्लॅकवूड्स मासिकात कॉर्नेलियस ओ’डाउड या टोपणनावाने कुकच्या पर्यटकांची यथेच्छ निंदा केली आणि ऑस्ट्रेलियाने नाकारलेले कैदीच ब्रिटिश सरकार या मिषाने इटलीत सोडत आहे अशी अफवा पसरल्याचे सांगितले. त्याच्या रागामागे वर्गाचा अहंकार होता. शिक्षिका, कारकून आणि छोट्या गावच्या पेढीवाल्यांची मुले पूर्वी सरदारांच्या मुलांनी अडवलेल्या चित्रदालनांत शिरत होती, आणि त्यांच्यात बहिणी-बहिणींच्या, मैत्रिणी-मैत्रिणींच्या जोड्याही लक्षणीय होत्या. कुकला त्यांचे वावडे नव्हते, उलट गिऱ्हाईक म्हणून त्या हव्याच होत्या: आगाऊ ठरवलेली गाडी, आगाऊ ठरवलेली खोली आणि १८६८ पासून हॉटेलांत दाखवायची चिठ्ठी, म्हणजे कूपन, हातात असले की दर ठिकाणी परक्या पुरुषाशी घासाघीस करण्यासाठी घरचा पुरुष बरोबर असण्याचे कारण उरत नसे.

भारतातून युरोपात गेलेल्या भावंडांची उदाहरणे या काळात तुरळक आहेत. कलकत्त्याचे गोविनचंद्र दत्त १८६९ मध्ये पत्नीसह अरु आणि तोरु या मुलींना घेऊन युरोपला गेले. नीस, पॅरिस, लंडन आणि केंब्रिज येथे राहून हे कुटुंब १८७३ मध्ये परतले. फ्रेंच कवितांच्या इंग्रजी भाषांतरांच्या तोरुच्या १८७६ च्या संग्रहात अरुने केलेली काही भाषांतरे आहेत. तोवर अरु क्षयाने वारली होती. महाराष्ट्राच्या संदर्भात पंडिता रमाबाईंचे उदाहरण याच्या उलट दिशेचे आहे. १८७४ मध्ये आई-वडील आणि त्यानंतर थोरली बहीण गेल्यावर त्या भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर तीर्थक्षेत्रे आणि शहरे पायी हिंडत कलकत्त्यापर्यंत गेल्या. तो १८८० मध्ये वारला. १८८३ मध्ये इंग्लंडला निघताना त्यांच्याबरोबर पोटची मुलगी मनोरमा आणि आनंदीबाई भगत या होत्या, पुरुष कोणी नव्हता. त्याच वर्षी छापलेल्या मराठी पत्ररूप पुस्तकात त्यांनी त्या प्रवासाची हकिकत दिली. कुकचे मुंबईतील कार्यालय तोवर, १८८१ पासून, उघडले होते; त्याचा उपयोग प्रथम ब्रिटिश अधिकारी, संस्थानिक आणि धनिकांनाच झाला. मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांतील बहीण-भाऊ आणि बहिणी-बहिणी समूहसहलींतून लंडन, पॅरिस, ल्युसर्न पाहू लागल्या त्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. पॅरिस, ल्युसर्न आणि आल्प्स हा जेमायमाच्या टोळीने जोडलेला क्रम त्यांच्याही कार्यक्रमपत्रिकेत बऱ्याच अंशी कायम होता. तिची रोजनिशी छापील स्वरूपात आली ती १९६३ मध्ये, सहलीच्या शताब्दीच्या वर्षी.