संकलन: बेरजेचा जुना शब्द

‘संकलन’ हा शब्द आज संपादकांच्या आणि चित्रपटवाल्यांच्या ताब्यात गेला असला, तरी मुळात तो हिशेबातला. सम् म्हणजे एकत्र, आणि कल् धातूचा एक अर्थ मोजणे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त बेरीज-वजाबाकीला ‘संकलित-व्यवकलित’ म्हटले आहे; बेरजांच्या बेरजेला ‘संकलितैक्य’. सोळाव्या शतकात केरळात ज्येष्ठदेवांनी मलयाळम भाषेत ‘युक्तिभाषा’ लिहिली. तिच्यात वर्तुळाचा परीघ काढताना रेषेचे बारीक बारीक तुकडे केले आहेत आणि ‘वर्गसंकलित’, ‘घनसंकलित’ अशा बेरजा मांडल्या आहेत. तुकडे अतिसूक्ष्म झाले की या बेरजा कुठे जाऊन ठेपतात, हा तिथला प्रश्न. आज आपण त्यालाच समाकलन म्हणतो, संकलनही म्हणतो.

युरोपात याच कामाची नावे वेगळ्या वाटेने आली. ग्रीकांच्या लेखी वक्र आकृतीचे क्षेत्रफळ काढणे म्हणजे तेवढ्याच क्षेत्रफळाचा चौरस काढून दाखवणे. त्यावरून लॅटिनमधला ‘क्वाड्रातुरा’ आणि इंग्रजीतला ‘क्वाड्रेचर’. चौरस काढायची पद्धत केव्हाच मागे पडली, पण संगणकाने क्षेत्रफळ काढणारी मंडळी आपल्या कामाला अजून क्वाड्रेचरच म्हणतात. २९ ऑक्टोबर १६७५ रोजी लायब्निट्सने ‘सुम्मा’, म्हणजे बेरीज, या शब्दातला एस लांब ओढून नवे चिन्ह लिहिले. शास्त्राचे नावही बेरजेवरूनच असावे, असे त्याला वाटे. पण १६९० मध्ये याकोब बेर्नुलीने ‘इंटिग्रल’ हा शब्द छापला आणि तोच टिकला. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘इंटेगर’: ज्याला हात लागलेला नाही असे, अखंड. चिन्हात बेरीज राहिली, नावात अखंडता आली.

संगणकाला मात्र अखंड काही दिसत नाही. तो काही बिंदू निवडतो, तिथल्या किमतींना ठरावीक भारांनी गुणतो आणि बेरीज करतो. मोजलेल्या बिंदूंमधून बहुपदींचे तुकडे जोडून काढलेला वक्र असेल, तर हा फरक नीट कळतो.

अशा वक्राला ‘स्प्लाइन’ म्हणतात. हा शब्द आरेखकांच्या टेबलावरचा. जहाजाच्या अंगाची वळणे आखताना लाकडाची लांब लवचीक पट्टी शिशाच्या वजनांनी जागोजाग दाबून ठेवीत आणि तिच्या कडेने रेघ ओढीत. ती पट्टी म्हणजे स्प्लाइन. शोनबर्गने १९४६ मध्ये हे नाव गणितात आणले. दोन वजनांमधली पट्टी फार वाकलेली नसेल, तर तिचा आकार जवळजवळ त्रिघाती बहुपदीचा असतो. गणितातल्या त्रिघाती स्प्लाइनचे तुकडे जिथे भेटतात त्या जागांना गाठी म्हणतात. गाठीवर उतार जुळतो, वळणही जुळते; तिसरा अवकलज मात्र एकदम उडी मारतो. डोळ्याला वक्र गुळगुळीत दिसतो, पण गणिताला सांधा लागतो.

क्षेत्रफळ काढण्याची सारी युक्ती या सांध्यांत आहे. सिम्प्सनचा नियम तुकड्याची दोन टोके आणि मध्य यांच्या किमती एक, चार, एक या भारांनी घेतो, बेरजेला सहाने भागतो आणि तुकड्याच्या रुंदीने गुणतो. केप्लरने १६१५ मध्ये दारूच्या पिंपांच्या घनफळाचा अभ्यास छापला होता. त्यावरून जर्मन लोक यालाच ‘केप्लरचा पिंपाचा नियम’ म्हणतात. त्रिघाती बहुपदीला हा नियम तंतोतंत उत्तर देतो. तेव्हा गाठीपासून गाठीपर्यंत तो लावला की आकडे मोडताना होईल तेवढीच चूक उरते. अशा दोन वक्रांचा गुणाकार असेल, तर घात सहापर्यंत जातो. तिथे गाउसची १८१४ ची पद्धत कामाला येते: दर तुकड्याला चार बिंदू घेतले की सातव्या घातापर्यंत उत्तर नेमके.

गाठींकडे न पाहता सगळ्या वक्रावर एकच नियम पसरला, तर तो सांध्यावरून चालत जातो आणि ही हमी संपते. आपोआप बारीक तुकडे करत जाणारा प्रोग्रॅम मग गाठीभोवतीच घुटमळतो. जो सांधा आपल्याला आधीच ठाऊक होता, तो शोधण्यात त्याची मेहनत जाते.

म्हणून या कामापुरता मला बेर्नुलीच्या शब्दापेक्षा ‘संकलन’ नेमका वाटतो. तुकडे आधी आणि बेरीज नंतर, हा क्रम त्यात गृहीतच आहे.