भाषेचे विरजण

नवे गणकयंत्र कारखान्यातून बाहेर पडते, तेव्हा त्याला माणसाची कोणतीच भाषा कळत नसते. त्याला कळतात त्या फक्त आकड्यांत मांडलेल्या यंत्राज्ञा, आणि त्याही प्रत्येक जातीच्या यंत्राच्या निराळ्या. आपण सोयीच्या भाषेत लिहिलेली आज्ञावली यंत्राज्ञांत उतरवून देणाऱ्या अनुवादकास कंपाइलर म्हणतात. परंतु हा अनुवादकही एक आज्ञावलीच. मग तो कोणत्या भाषेत लिहावयाचा? दही लावावयास विरजण हवे, आणि विरजण म्हणजे तरी दहीच, असा हा पेच आहे. तो कसा सुटतो, हे पास्कल भाषेच्या इतिहासात आपल्याला स्वच्छ दिसते.

ही भाषा स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील तंत्रविद्यापीठात प्राध्यापक निक्लाउस वीर्त यांनी रचली. आज्ञावली लिहिताना विद्यार्थ्यांच्या विचारांना शिस्त लागावी, हा त्यांचा एक प्रमुख हेतू. हाताशी यंत्र होते ते सीडीसी ६००० मालिकेतले. १९६९ मध्ये पास्कलचा अनुवादक प्रथम फोर्ट्रान या रूढ भाषेत लिहावयास घेतला. तो प्रयत्न फसला. पास्कलमध्ये माहितीची जी विविध बांधणी करता येते, ती फोर्ट्रानमध्ये मांडावयास सोयच नव्हती.

तेव्हा वीर्तांनी उलटी वाट धरली. अनुवादक पास्कलमध्येच लिहावयाचा, असे ठरले. आणि तेही पास्कल जाणणारे एकही यंत्र जगात नसताना! मग तो सारा मजकूर, यंत्राला समजणाऱ्या एका खालच्या पातळीच्या भाषेत माणसाने हाताने उतरवला. १९७० च्या मध्यास अनुवादक चालू झाला. हे कष्ट एकदाच. पुढे जुना अनुवादक नव्याचा अनुवाद करू लागला. आदल्या दिवशीच्या दह्याने दुसऱ्या दिवशीचे लागावे, तसे.

पण विरजण एकाच घरात राहिले, तर शेजाऱ्यास त्याचा काय उपयोग? इतर विद्यापीठांतून मागणी येऊ लागली, आणि त्यांची यंत्रे तर वेगळी. यावर १९७३ च्या सुमारास झुरिकला एक युक्ती निघाली. एक साधे, काल्पनिक यंत्र कल्पून अनुवादक त्याच्या आज्ञांत उतरवला. त्या आज्ञांना पी-कोड म्हणतात. ज्याला पास्कल हवी, त्याने आपल्या यंत्रावर या काल्पनिक यंत्राची नक्कल करणारी छोटी आज्ञावली तेवढी लिहावयाची. मग आयता अनुवादक तिच्यावर चालू लागे. या कामात केशव नोरी या भारतीय संशोधकाचा वाटा मोठा होता. पुढे पुण्याच्या टाटा संशोधन केंद्रातही त्यांनी काम केले, हे आपल्या श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. हेच विरजण अमेरिकेत सॅन डिएगोच्या विद्यापीठात पोचले, आणि तेथून पास्कल लहान, घरगुती गणकयंत्रांवर गेली.

यातून आपण काय घ्यावे? सीडीसीची ती अवाढव्य यंत्रे केव्हाच मोडीत निघाली. केवळ त्यांच्याच आज्ञांत लिहिलेले काम त्यांच्याबरोबर निरुपयोगी झाले. पास्कलमध्ये लिहिलेले मात्र दुसऱ्या यंत्रावर नेता आले. यंत्र पैसे मोजून आणता येते. त्यावर भाषा बसविण्याची विद्या ज्याच्यापाशी आहे, तो यंत्र बदलले तरी अडून राहत नाही. ज्याच्यापाशी ती नाही, त्याला प्रत्येक नव्या यंत्राबरोबर विकणाऱ्याच्या दारी उभे राहावे लागते. तेव्हा वाटी मागून आणण्यात कमीपणा नाही. पण विरजण लावावयास आपण स्वतः शिकले पाहिजे.